उजेड पडला, पण दिसते का?

गावात नवा हायमास्ट लागतो तेव्हा त्याचा एक छोटासा समारंभच होतो. चौकात मांडव पडतो, आमदार किंवा खासदार येतात, नारळ फुटतो, कळ दाबली जाते आणि वीस मीटर उंचीवरचे दिवे एकदम झळाळून उठतात. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘चौक उजळला’ असा मथळा येतो. तो खोटा नसतो. चौक खरोखरच उजळलेला असतो. पण त्याच चौकातून डावीकडे वळून, शाळेच्या भिंतीकडेने एसटी स्टँडकडे जाणारा बोळ मात्र आता पूर्वीपेक्षा जास्त काळोखा वाटू लागतो. लख्ख उजेडातून आलेले डोळे त्या बोळात शिरताना काही क्षण आंधळेच होतात. संध्याकाळचा क्लास सुटल्यावर ज्या मुली त्या बोळातून घरी जात, त्या आता लांबच्या रस्त्याने जाऊ लागतात. तक्रार कोणी करत नाही. करायची तरी कशी? दिवे तर नुकतेच लागले आहेत!

आपल्या शहरांतल्या सार्वजनिक दिवाबत्तीचा सगळा प्रश्न या एका बोळात सामावलेला आहे. दिवे किती लावले, किती वॅटचे लावले, किती लाख खर्च झाले, हे आपण मोजतो. त्या दिव्यांत कोणाला काय दिसले, हे मोजत नाही. उजेड पाडणे आणि दिसू लागणे या दोन गोष्टी एकच आहेत, अशी आपली पक्की समजूत आहे. ती तितकीशी बरोबर नाही.

मशालजी ते एलईडी

रस्त्यावर सरकारी खर्चाने दिवा लावायचा, ही कल्पनाच आपल्याकडे फार जुनी नाही. त्याआधी रात्री बाहेर पडायचे तर कंदील बरोबर घ्यावा लागे. ज्याला परवडत असे त्याच्यापुढे मशालजी चाले. उजेड माणसाबरोबर फिरत असे, रस्त्याचा स्वतःचा उजेड नसे. मुंबईत ऑक्टोबर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले. एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट, भेंडी बाजार या भागांत ते पहिल्यांदा पेटले, तेव्हा दिवे पेटवणाऱ्यांच्या मागून बघ्यांची गर्दी चालली होती, अशी नोंद आहे. १९०५ साली बंगळूर शहरात विजेचे दिवे रस्त्यावर आले. मुंबईत पुढे ‘बेस्ट’ झालेल्या कंपनीचा जन्मही त्याच वर्षीचा. दिवा आता माणसाचा राहिला नाही, रस्त्याचा झाला. पैशावाल्याला आणि बिनपैशावाल्याला तो सारखाच मिळू लागला. नगरपालिकेच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या माणसांच्या गोष्टी ऐकत आपल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. त्या गोष्टींतला दिवा अभ्यासाचा असला, तरी मुळात तो सार्वजनिक होता, हे विसरून चालणार नाही.

हायमास्टची कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने १८९४-९५ साली १६५ फूट उंचीचे ३१ मनोरे उभारले आणि त्यांच्या टोकावर विजेचे झगझगीत दिवे लावले. ‘चांदण्याचे मनोरे’ असेच त्यांचे नाव. गल्लोगल्ली खांब रोवण्यापेक्षा शहरावर एक कृत्रिम चंद्रच टांगावा, असा तो हिशेब. त्यांतले काही मनोरे ऑस्टिनने ऐतिहासिक ठेवा म्हणून जपले आहेत. पण जगातल्या इतर शहरांनी हा मार्ग लवकरच सोडला आणि दिवे खाली, रस्त्याजवळ आणले. कारण साधे होते. उंचावरून येणारा उजेड घराच्या छपरावर आणि झाडाच्या शेंड्यावर छान पडतो. छपराच्या मागच्या बाजूला आणि झाडाखाली मात्र तो सावलीच टाकतो. आणि माणसे चालतात ती झाडाखालून.

आपल्याकडचा अगदी अलीकडचा बदल म्हणजे एलईडी. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत देशभरात सव्वा कोटीहून अधिक एलईडी पथदिवे बसले. जिथे अडीचशे वॅटचा सोडियम दिवा जळत होता, तिथे सव्वाशे वॅटच्या आसपासचा एलईडी पुरू लागला. महापालिकांच्या वीजबिलात दिवाबत्तीचा वाटा मोठा असतो, तेव्हा ही बचत काही थोडीथोडकी नाही. पण वीज स्वस्त पडू लागली की हात सैल सुटतो. जिथे एक दिवा पुरेसा होता तिथे तीन लागतात, पुलाच्या कठड्यावर रंग बदलणाऱ्या पट्ट्या येतात, दुभाजकातल्या खांबांवर फुलपाखरे चमकू लागतात. बोळ मात्र राहतो तो राहतोच.

डोळ्यांचा हिशेब

यामागचे शास्त्र समजायला अवघड नाही. जागेवर पडणारा उजेड ‘लक्स’ या मापात मोजतात. भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. घरी आपण दिव्याखाली वर्तमानपत्र वाचतो, तेव्हा दोन-तीनशे लक्स पुरतात. आणि निरभ्र आकाशातल्या पौर्णिमेचा चंद्र देतो जेमतेम पाव लक्स! तरीही कोजागरीला गच्चीवर आपल्याला एकमेकांचे चेहरे ओळखू येतात, पायऱ्या दिसतात, दुधाचा पेला हातातून सुटत नाही. याचा अर्थ, डोळ्याला वेळ दिला आणि उजेड सगळीकडे सारखा असला, तर फार थोड्यात भागते.

रस्त्यावरची अडचण नेमकी इथेच आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. पण आपण एका खांबाखालच्या भगभगीत वर्तुळातून पुढच्या काळोख्या पट्ट्यात दहा सेकंदांत पोहोचतो. डोळा गोंधळतो. म्हणून प्रकाशयोजनेत किती उजेड यापेक्षा किती सारखा उजेड हा प्रश्न मोठा असतो. भारतीय मानक संस्थेचे रस्त्यांच्या दिव्यांसाठीचे मानक, आयएस १९४४, हेच सांगते. वेगवान वाहतुकीच्या मुख्य रस्त्यावर सरासरी ३० लक्स, त्याखालच्या मुख्य रस्त्यावर १५, वर्दळीच्या दुय्यम रस्त्यावर ८ आणि कमी वर्दळीच्या गल्लीत ४ लक्स एवढ्याच उजेडाची त्यात अपेक्षा आहे. पण त्याबरोबरच आणखी एक अट आहे. सगळ्यांत कमी उजेडाच्या ठिकाणचा उजेड हा सरासरीच्या निदान ३० ते ४० टक्के असला पाहिजे. गल्लीला चार लक्स पुरतात. पण ते चार लक्स पूर्ण गल्लीला मिळायला हवेत. एका खांबाखाली चाळीस आणि पुढच्या वळणावर शून्य, ही सरासरी कागदावरच बरी दिसते.

दुसरा शत्रू म्हणजे डोळ्यांवर येणारी तिरीप. दिव्याचा उजेड जमिनीवर न पडता थेट डोळ्यांत घुसला, तर डोळ्याच्या आत तो विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर जणू पांढरा पडदा ओढला जातो. समोर खड्डा असतो, पण दिसत नाही. वय वाढते तसे हे वाढत जाते. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या माणसाला समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा किती छळतो, हे घरोघरी माहीत आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतपर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या मुलाच्या मानाने एक तृतीयांशच असतो. म्हणजे आजोबांना उजेड जास्त हवा, पण तो डोळ्यांत नको, पायाखाली हवा. ‘हल्ली बाबा दिवेलागणीनंतर बाहेर पडतच नाहीत’ असे आपण म्हणतो आणि ते वयावर ढकलतो. त्यातला थोडा वाटा बाहेरच्या दिव्याचाही असतो.

चेहरा दिसला पाहिजे

मोटारीतून जाणाऱ्याला रस्ता दिसला की काम झाले. पायी जाणाऱ्याला मात्र समोरून येणारा माणूस दिसायला हवा असतो. तो कोण आहे, त्याचे हात रिकामे आहेत का, तो हसतो आहे की टक लावून बघतो आहे, हे तो जवळ येण्याआधी कळले पाहिजे. निदान चार मीटरवरून चेहरा ओळखू यावा, म्हणजे वाट बदलायला किंवा नमस्कार करायला अवधी मिळतो, असा प्रकाशतज्ज्ञांचा एक ठोकताळा आहे. इथे जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचा उपयोग नाही. उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे, म्हणजे थोडा बाजूने आला पाहिजे. डोक्याच्या नेमका वर लावलेला दिवा काय करतो? कपाळ आणि नाक उजळतो आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी ठेवतो. अशा दिव्याखाली ओळखीचा माणूसही भुतासारखा दिसतो.

मग रंगाचा प्रश्न येतो. जुन्या सोडियम दिव्यात लाल साडी तपकिरी दिसायची आणि हिरवी गाडी काळपट. सूर्यप्रकाशात रंग जसे दिसतात त्याला शंभर गुण दिले, तर सोडियमला वीस-पंचवीसच मिळतात. चांगल्या एलईडीला सत्तर-ऐंशीच्या पुढे मिळतात. तेव्हा एलईडी आले ते चांगलेच झाले. पण पहिल्या लाटेत आलेले दिवे पांढरे, नव्हे निळसर पांढरे होते. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात आणि यातली गंमत अशी की आकडा जितका मोठा तितकी छटा थंड. मेणबत्ती १९०० च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७००, भर दुपारचे ऊन साडेपाच हजार. सुरुवातीचे बरेच एलईडी पथदिवे पाच ते साडेसहा हजारांचे होते. थोडक्यात, रात्री दहा वाजता रस्त्यावर दुपार!

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर २०१५ साली हेच झाले. समुद्राच्या कडेने वळत जाणाऱ्या पिवळ्या दिव्यांच्या ज्या ओळीला लोक कौतुकाने ‘राणीचा रत्नहार’ म्हणत, तिथे पांढरे एलईडी लागले आणि एकच गदारोळ उठला. कोणी म्हणाले, हार सोन्याचा होता, तो चांदीचा केला. राजकारण झाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर पिवळसर छटेचे दिवे परत आणावे लागले. त्या वेळी अनेकांनी याला श्रीमंतांचे चोचले म्हणून नाक मुरडले. पण लोकांना जे डोळ्यांनी जाणवले होते, ते पुढच्याच वर्षी डॉक्टरांनीही सांगितले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये शहरांना सल्ला दिला, की पथदिवे ३००० केल्विन किंवा त्याहून उबदार छटेचे असावेत. निळसर उजेडाची तिरीप जास्त लागते आणि झोपेच्या घड्याळातही तो ढवळाढवळ करतो. एलईडी पिवळसर छटेतही मिळतो. तेव्हा बचत हवी तर पांढराच दिवा घ्या, अशी सक्ती कधीच नव्हती. ऑर्डर देताना कोणी तो एक आकडा विचारला नव्हता, इतकेच.

दिवा आणि भीती

आता मुख्य प्रश्न. उजेड वाढला की गुन्हे कमी होतात का? उत्तर सरळ ‘हो’ असते तर बरे झाले असते. न्यूयॉर्क शहरात २०१६ साली काही सार्वजनिक गृहवसाहतींत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून प्रखर दिव्यांचे मनोरे उभे केले आणि तशाच इतर वसाहतींशी तुलना केली. दिवे लागलेल्या ठिकाणी रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष निघाला. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिकागोने मागच्या गल्ल्यांतले दिवे अधिक प्रखर केले, तेव्हा नोंदलेले गुन्हे कमी होण्याऐवजी वाढलेच. इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे खर्च वाचवण्यासाठी रात्री उशिरा काही दिवे मंद किंवा बंद केले होते. त्यामुळे अपघात किंवा गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा? त्याचे उत्तर जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेने १९६१ मध्येच दिले होते. शहरांविषयीच्या तिच्या गाजलेल्या पुस्तकात तिचे म्हणणे असे, की रस्ता सुरक्षित ठेवतात ती रस्त्यावरची डोळस माणसे. दिवा त्या डोळ्यांना मदत करतो, त्यांची जागा घेत नाही. ज्या रस्त्यावर पानाचे दुकान उघडे आहे, एखादी भाजीवाली अजून पाट्या आवरते आहे, वरच्या गॅलरीत कोणी उभे आहे, तिथला चार लक्स उजेड हा निर्मनुष्य उड्डाणपुलाखालच्या चाळीस लक्सपेक्षा जास्त धीर देतो. निर्मनुष्य जागी दिवा एकच काम करतो. एकट्या माणसाला तो दुरूनच दाखवून देतो.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ मध्ये, ‘सेफ्टीपिन’ नावाचे एक मोबाइल अॅप निघाले. शहरातल्या जागा बाईमाणसाला कितपत सुरक्षित वाटतात, याचा नकाशा ते करते. त्यात गुण देताना दिवे किती हा एकच प्रश्न नाही. जागा मोकळी आहे का, कोणाच्या नजरेच्या टप्प्यात आहे का, फूटपाथ चालण्याजोगा आहे का, बस-रिक्षा जवळ मिळते का, आणि तिथे वावरणाऱ्यांत बायका आहेत का, असे नऊ मुद्दे आहेत. दिल्लीत त्यांनी सात हजारांहून जास्त अंधाऱ्या जागा शोधून यंत्रणेसमोर ठेवल्या आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी पुढे दिवे लागले. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे २०११ साली आलेले ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक आणखी एक पाऊल पुढे जाते. बाईने कामाशिवाय, नुसते रमतगमत बाहेर असणे, हाही तिचा हक्कच आहे, असे ते सांगते. या नजरेने पाहिले, तर घाईघाईने घरी पोहोचवणारा उजेड आणि बाकावर घटकाभर बसू देणारा उजेड यांत फरक आहे. आपले दिवे बहुधा पहिल्या प्रकारचे असतात.

एक बाग घेऊ

नमुन्यादाखल मध्यम शहरातली नगरपालिकेची एखादी बाग घेऊ. पुढे मोठे फाटक, मागे वस्तीकडे उघडणारे छोटे फाटक, कडेने चालण्याची वाट, मधे घसरगुंडी आणि झोपाळे, गुलमोहराखाली बाक, एका कोपऱ्यात स्वच्छतागृह. दिवे लावायचे ठरले, की नेहमीचा उपाय म्हणजे मधोमध एक हायमास्ट. हिरवळ झगझगते, वाटेवर झाडांच्या काळ्या सावल्या पडतात आणि बागेला लागून असलेल्या इमारतीतले लोक जाड पडदे शिवून घेतात.

त्याऐवजी काय करता येईल? पहिले काम कागदावर नाही, पायांनी करायचे. अमावास्येच्या आसपासच्या एखाद्या संध्याकाळी आठ वाजता बागेला फेरी मारायची. बरोबर इंजिनिअर असावा आणि बागेचा माळी, रखवालदार, रोज चालायला येणाऱ्या एखाद्या आजी, क्लासवरून परतणारी एखादी मुलगीही असावी. कुठे पाय अडखळतो, कुठे पाठीमागे वळून बघावेसे वाटते, हे त्यांना विचारले की निम्मा आराखडा तिथेच तयार होतो.

दुसरे, उजेड हिरवळीला नव्हे, वाटेला. वाटेच्या कडेने साडेतीन-चार मीटर उंचीचे खांब पुरतात. अंतराचा साधा हिशेब म्हणजे उंचीच्या तिप्पट-चौपट, तेव्हा बारा ते पंधरा मीटरवर एक खांब. तो झाडाखाली नको, दोन झाडांच्या मधे हवा. आणि आज लावलेले रोप पाच वर्षांनी केवढे होणार, हे माळ्याला विचारूनच जागा ठरवायची. नाही तर दरवर्षी दिव्यासाठी फांद्या तोडायच्या की झाडासाठी दिवा हलवायचा, हे भांडण ठरलेले. दिव्याला वरून आणि बाजूने टोपण असावे, म्हणजे उजेड खाली पडतो. त्याची छटा उबदार असावी.

तिसरे, बाजूच्या भिंतीवर आणि झाडाच्या बुंध्याजवळ थोडा मंद उजेड ठेवावा. जागेच्या कडा दिसल्या की मनाला जागा कळते. मधे उजेड आणि भोवती काळी भिंत असली, की आत बसलेल्याला आपण दिसतो आहोत, पण बघणारा दिसत नाही, असे वाटत राहते. पायऱ्यांच्या कडा, उतार, स्वच्छतागृहाचे दार आणि त्याकडे जाणारी वाट यांना कंजुषी नको. अंधाऱ्या कोपऱ्यातले स्वच्छतागृह बायकांसाठी नसल्यातच जमा असते.

चौथे, बाग फाटकाशी संपत नाही. मागच्या फाटकापासून रिक्षा स्टँडपर्यंतचे शंभर पावलांचे अंतर कोणाच्या हद्दीत येते, यावर उद्यान विभाग आणि विद्युत विभाग यांचे पत्रव्यवहार चालू राहतात. ती शंभर पावले अंधारात असतील, तर आतले सगळे दिवे फुकट.

पाचवे, वेळ. रात्री नऊनंतर गर्दी ओसरली, की वीज वाचवायला एक सोडून एक दिवा बंद करण्याची आपली जुनी रीत आहे. त्यापेक्षा वाईट उपाय नाही, कारण त्याने उजेड-अंधाराचे पट्टे तयार होतात. एलईडी मंद करता येतो. सगळे दिवे सारखेच निम्म्यावर आणले तर वीजही वाचते आणि वाटही दिसते. बाग बंद झाल्यावर मात्र दिवेही निजू द्यावेत.

आणि शेवटचे काम, जे कधीच उद्घाटनाच्या पत्रिकेत नसते. देखभाल. धूळ आणि किड्यांनी काच काळवंडते, तसा दिव्याचा उजेड घटत जातो. पावसाळ्यात खांबाच्या तळाची झाकणे गायब झालेली असतात आणि उघड्या वायरींना चिकटपट्टी गुंडाळलेली असते. आपल्याकडे पावसात खांबाला हात लागून माणसे आणि गुरे दगावतात, ही दरवर्षीची बातमी आहे. नीट अर्थिंग, बंद झाकण, खांबावर ठळक क्रमांक आणि त्याखाली तक्रारीचा फोन नंबर, यांना फारसा खर्च येत नाही. नवा दिवा लावायला निधी असतो, जुना पुसायला नसतो. योजना करतानाच पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला काढले नाहीत, तर ती योजना नव्हे, रोषणाई.

अंधारही कोणाचा तरी आहे

फ्रान्समधल्या लिऑं शहराने १९८९ साली संपूर्ण शहराचा प्रकाश-आराखडा केला. कुठे उजेड हवा याबरोबरच कुठे नको, हेही पूर्ण शहराचा एकत्र विचार करून ठरवायचे असते, हे त्यानंतर अनेक शहरांनी मान्य केले. फ्रान्सने तर २०१३ पासून दुकानांच्या काचा आणि इमारतींचे दर्शनी भाग मध्यरात्री एकनंतर उजळत ठेवायला बंदी घातली.

आपल्याकडे याची जाणीव हळूहळू होते आहे. गेल्या काही वर्षांत मुंबई-ठाण्यात शोभेसाठी झाडांच्या बुंध्यांना, फांद्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या गेल्या. त्याविरुद्ध २०२४ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. झाडालाही रात्र लागते आणि त्यावरच्या पाखरांनाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून सागरी कासवांची घरटी राखली जातात. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू जिकडे क्षितिज उजळ दिसते तिकडे धावते. हजारो वर्षे ती दिशा समुद्राची होती. किनाऱ्यावर हॉटेलचा झगझगीत दिवा लागला, की ते पिल्लू पाण्याकडे पाठ फिरवते. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अंधार जपल्याबद्दल मिळालेला हा मान महाराष्ट्राच्या वाट्याला आला, याचा अभिमान वाटायला हवा.

शहरात तर आकाशच पुसले जाते आहे. प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या हजारो हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवले, की रात्रीचे आकाश दरवर्षी सरासरी साडेनऊ टक्क्यांहून अधिक वेगाने उजळते आहे. त्यांनी दिलेले उदाहरण सोपे आहे. ज्या ठिकाणी मूल जन्मले तेव्हा अडीचशे तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचे होईल तेव्हा शंभरच दिसतील. आणि आकाशात गेलेला हा सगळा उजेड वाया गेलेलाच असतो. त्याने कोणाची वाट दिसलेली नसते. म्हणजे तारे वाचवणे आणि बोळ उजळणे यांत भांडण नाही. दिवा खाली वळवला की दोन्ही साधते.

आपल्या जुन्या देवळांपुढे दीपमाळा उभ्या असतात. शेकडो पणत्यांची जागा असलेली ती दगडी दीपमाळ रोज पेटत नसे. त्रिपुरी पौर्णिमेला, जत्रेला ती उजळे आणि म्हणूनच लोक ती बघायला जमत. रोजच्या वाटेसाठी मात्र कोनाड्यातला एक दिवा पुरत असे. शोभेचा उजेड कोणता आणि वाटेचा कोणता, हे त्या माणसांना पक्के ठाऊक होते. आपण मात्र रोजच दीपमाळ पेटवतो आणि कोनाडा रिकामा ठेवतो.

तेव्हा तुमच्या प्रभागात पुढच्या वेळी दिव्यांसाठी निधी मंजूर झाल्याची बातमी आली, की नगरसेवकाला किंवा वॉर्ड ऑफिसला चारच प्रश्न विचारून पाहा. हा दिवा कोणासाठी आहे? त्याची छटा किती केल्विनची? दोन खांबांच्या मधे उजेड किती राहील? आणि तो बंद पडला तर किती दिवसांत लागेल? उत्तरे मिळोत न मिळोत, प्रश्न विचारणारे आहेत हे कळले तरी खांबांच्या जागा थोड्या बदलतील. दिवाबत्ती चांगली झाली की नाही, हे उद्घाटनाच्या फोटोत कळत नाही. ते कळते रात्री साडेआठला, क्लासवरून येणारी मुलगी कोणता रस्ता धरते त्यावरून. ज्या दिवशी ती पुन्हा शाळेच्या भिंतीकडेच्या त्या बोळातून, मैत्रिणीशी गप्पा मारत सावकाश चालत येईल, त्या दिवशी म्हणायचे, उजेड पडला.